मांडीतली पांढरी रेघ

टीव्हीवर इजिप्तच्या ममीचं स्कॅनिंग दाखवायला लागले की माझ्या भाचीचा फोन येतो. "मावशी, लाव पटकन, तुझंच काम दाखवतायत." मी लावते. पांढरे कोट घातलेली माणसं, त्यांच्या मधोमध पट्ट्यांत गुंडाळलेला एखादा राजा, मागे गंभीर संगीत. मशीन मात्र तेच, ज्याच्यासमोर मी हुबळीत जन्म घालवला. गोल भोक आणि लांब टेबल. त्या राजाला आत सारणारी तंत्रज्ञ बाई कधी नीट दाखवत नाहीत. मी तिलाच शोधत असते. तिला त्या वेळी काय वाटत असतं, ते मला ठाऊक आहे.

आमच्याकडे ममी कुठून येणार? आमच्याकडे आली ती माती. पण त्या मातीनं मला जेवढं घाबरवलं तेवढं कुठल्या जिवंत पेशंटनं घाबरवलं नाही.

मी कमल. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते, घर मराठी आणि गल्ली कन्नड, त्यामुळे दोन्ही भाषांत पेशंटला दरडावता येतं. कोप्पीकर रोडपासून जवळच एका स्कॅन सेंटरमध्ये मी निवृत्त होईपर्यंत सीटी स्कॅन केले. "उसिरु हिडीरी" म्हणजे श्वास धरा, "बिड्री" म्हणजे सोडा. हे शब्द मी इतक्यांदा म्हटलेत की झोपेतसुद्धा म्हणत असेन.

सीटी म्हणजे काय ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. साधा एक्स-रे ही सावली असते. माणसाच्या छातीवर किल्ली ठेवा नाहीतर पाठीखाली ठेवा, सावलीत ती छातीच्या आतच दिसणार. सीटीत किरणांची नळी माणसाभोवती गोल फिरते आणि माणसाच्या चकत्या पाडते, आपण काकडीच्या पाडतो तशा, फक्त सुरी न लावता. चकती बघितली की कळतं, किल्ली आत आहे की बाहेर. चित्रात हवा काळी, पाणी करडं, हाड पांढरं. आणि धातू इतका पांढरा, की त्याच्या भोवती किरणं फुटतात आणि शेजारचं काही दिसेनासं होतं. पण चकत्या कुठून कुठपर्यंत पाडायच्या हे ठरवायला आम्ही सुरुवातीला एक सपाट चित्र घेतो. त्याला स्काउट म्हणतात. स्काउट ही पुन्हा सावलीच. त्या दिवशी जो गोंधळ झाला, तो त्या सावलीनं केला.

जुन्या वस्तू आमच्याकडे यायला लागल्या त्या एका मडक्यापासून. धारवाडला एका कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवणाऱ्या देसाई मॅडम एकदा रिक्षातून ते मांडीवर घेऊन आल्या. शेतात नांगरताना सापडलेलं, तोंड मातीनं लिंपलेलं. फोडलं तर आतल्या वस्तू कशा ठेवल्या होत्या ते कायमचं जाणार, म्हणून न फोडता बघायचं होतं. ज्याच्या शेतात सापडलं तो शेतकरीही सोबत होता. तो मडक्याकडे असा बघत होता, की त्यात काय असणार याबद्दल त्याच्या मनात शंकाच नव्हती.

मी कॉम्प्युटरसमोर बसून विचारलं, "पेशंटचं नाव काय लिहू?"

"गडिगेप्पा," मॅडम गंभीरपणे म्हणाल्या. गडिगे म्हणजे कन्नडमध्ये मडकं.

गडिगेप्पाच्या पोटात निघाली माती, थोडे मणी आणि जळक्या हाडांचे तुकडे. शेतकऱ्याचा चेहरा उतरला, मॅडमचा उजळला. आणि आमचे डॉक्टर, म्हणजे सेंटरचे मालक आणि स्कॅन वाचणारे तज्ज्ञ, ते त्या दिवसापासून या नादाला लागले. रोज तेच मणके आणि तेच मुतखडे बघून ते कंटाळले होते. "मॅडम, रविवारी मशीन मोकळं असतं," ते म्हणाले. "काही असलं तर आणा."

त्यानंतर काही वर्षांनी एका शनिवारी देसाई मॅडमचा मलाच फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"कमलक्का, उद्या एक काम आहे. पण ते मडक्यासारखं नाही. पोलीस सोबत येणार आहेत."

अळणावर गावाच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला एका गावात शेततळं खणताना जेसीबीच्या दातांना माणसाची हाडं लागली होती. आजूबाजूला मोठाले दगड कड्यासारखे मांडलेले होते, त्यामुळे मॅडमना वाटत होतं की हे फार जुनं दफन आहे, हजारो वर्षांपूर्वीचं. गावाला तसं वाटत नव्हतं. त्या गावातला एक तरुण, संतोष नावाचा, काही वर्षांपूर्वी संध्याकाळी घरातून बाहेर पडला तो परत आलाच नव्हता. आणि ज्या शेतात हाडं निघाली ते शेत होतं त्याच्या सख्ख्या काकांचं. दोन भावांमध्ये बांधावरून जुनं भांडण. संतोष गेला त्याच्या आदल्या दिवशी काका-पुतण्यात त्याच बांधावर हातघाई झालेली, ती अख्ख्या गावानं बघितलेली.

"काकाचं म्हणणं काय?" मी विचारलं.

"तो म्हणतो, मी पुरलं असतं तर तिथंच जेसीबी लावला असता का? पण गाव म्हणतं, तो त्या दिवशी शेतात नव्हता, ड्रायव्हरनं जागा चुकवली. काल रात्री त्याच्या गवताच्या गंजीला कुणीतरी आग लावली."

"मग सीटी कशाला? हाडं तपासणीला पाठवा."

"पाठवणारच आहेत. पण त्याचा निकाल यायला महिने लागतात, आणि गाव तेवढं थांबणार नाही. कमलक्का, त्या मुलाची मांडी मोटरसायकलवरून पडून मोडली होती. आत रॉड घातलेला होता. सांगाड्याच्या मांडीत रॉड असेल तर तो संतोष. नसेल तर नाही. हाडं भिजून इतकी ठिसूळ झालीत की जागेवर मोकळी केली तर भुगा होईल. म्हणून मातीसकट उचलून प्लास्टर घातलंय. साध्या एक्स-रेत एवढ्या मातीतून काही दिसत नाही, तालुक्याच्या दवाखान्यात करून बघितलं."

त्या रात्री मला झोप आली नाही. हाडांची भीती नव्हती, हाडं तर मी रोज बघत होते. भीती दुसरीच होती. रोजच्या कामात वाईट बातमी असली तरी ती मी कुणाला सांगत नाही, ते डॉक्टरांचं काम. पेशंटनं "काय दिसलं अक्का?" विचारलं की मी "डॉक्टर सांगतील" म्हणून मोकळी होते. पण चित्र सगळ्यात आधी मलाच दिसतं. उद्या जे दिसेल ते एका माणसाला मुलाच्या मरणाचं सांगेल आणि दुसऱ्याला खुनी ठरवेल, आणि ते पहिल्यांदा बघणारी मी असेन.

रविवारी सकाळी टेम्पो आला. दोन लाकडी खोकी, एकात डोक्याकडचा भाग, दुसऱ्यात कमरेपासून खालचा. वर पांढरं प्लास्टर, आपण हात मोडल्यावर घालतो तसंच. आमच्या साफसफाईच्या रुक्मव्वांनी दारात हळदीचं पाणी शिंपडलं आणि त्या लांब जाऊन उभ्या राहिल्या. सोबत फौजदार होते, एक हवालदार होता, देसाई मॅडम होत्या. आणि मागून बसनं आलेले दोघे भाऊ. त्यांना बोलावलं नव्हतं, पण गावात ठेवण्यापेक्षा डोळ्यांसमोर बरे, असं फौजदारांना वाटलं असावं.

थोरले परशराम, संतोषचे वडील, वाळलेले, सॉमिलमध्ये आयुष्य काढलेले, दोन बोटं अर्धी. धाकटे यल्लाप्पा, म्हणजे काका, अंगानं भरलेले, पण दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. आमच्या वेटिंग हॉलमध्ये समोरासमोर बाकं आहेत. दोघे दोन टोकांना बसले. मधे हवालदार.

परशराम माझ्याकडे आले. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळी केलेली एक्स-रेची फिल्म होती.

"अक्का, ह्यो संतोषचा फोटो. बघून ठेवता?"

मी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली. मांडीचं हाड आणि त्याच्या पोकळीतून वरपासून खालपर्यंत गेलेला रॉड, दोन्ही टोकांना आडवे स्क्रू. मोडलेल्या जागी हाडाची गाठ तयार झालेली. फिल्मच्या कडा हाताळून हाताळून मऊ पडल्या होत्या.

"डावी मांडी," ते म्हणाले. "पावसाळ्यात दुखायची त्याला. रॉड काढायचा म्हणून डॉक्टर बोलावत होते, गेलाच न्हाई." मग आवाज खाली घेऊन, "अक्का, तुम्ही आधी बघणार न्हवं? काय असेल ते मला आधी सांगा. त्याला नको." त्यांनी मान भावाकडे केली नाही, पण 'त्याला' म्हणजे कोण ते कळलं.

"डॉक्टर सांगतील," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य तोंडातून अवघड निघालं.

आता कामाची अडचण. आमचं टेबल जाडजूड माणूस सहज पेलतं, पण माती माणसापेक्षा फार जड. त्यातून टेबलाची मोटर बिघडली तर सोमवारी सकाळी येणाऱ्या पेशंटना काय सांगायचं? दुर्गदबैलच्या बाजारातल्या ओळखीच्या धान्यवाल्याकडून वजनकाटा आणवला. पायाकडचं खोकं जेमतेम मर्यादेत बसलं. मी टेबलावर रबरी चादर टाकली, त्यावर प्लास्टिक, त्यावर पुन्हा चादर. मातीचा एक खडा जरी यंत्रात गेला तरी डॉक्टरांच्या आधी मलाच उत्तर द्यावं लागलं असतं. चौघांनी मिळून खोकं वर चढवलं. देसाई मॅडम सारखं "सावकाश, सावकाश" म्हणत होत्या, जणू आत कुणी झोपलंय.

आम्ही काचेच्या मागे आलो. डॉक्टर माझ्या शेजारी, मागे फौजदार आणि मॅडम. हवालदार दारात, एक पाय आत, एक बाहेर. त्याला मी बाहेर जायला सांगायला हवं होतं, पण माझं लक्ष पडद्यावर होतं.

स्काउट वरून खाली उमटत येतं, पडदा हळूहळू उलगडावा तसं. आमच्या किरणांचा जोर तालुक्याच्या एक्स-रेहून जास्त, म्हणून मातीतूनही दिसायला लागलं. आधी लाकडाची कड, मग प्लास्टर, मग मातीचा ढगाळ पांढुरका थर. त्यात कमरेचं हाड, तिरकं झालेलं. मग मांड्या.

डाव्या मांडीच्या हाडावर, अगदी मधोमध, एक लांब, सरळ, लखलखीत पांढरी रेघ होती.

माझा हात माऊसवर होता तिथंच राहिला. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. तेवढ्यात दारातून हवालदाराचा आवाज आला, बाहेर तोंड करून, हॉलभर घुमेल असा: "रॉड ऐत्री! रॉड सिक्कैति!"

म्हणजे रॉड आहे, सापडला.

"ए, सुम्निर!" फौजदार ओरडले, गप्प बस म्हणून. पण जे व्हायचं ते झालं होतं. उघड्या दारातून मला हॉल दिसत होता. परशराम उठले. मला वाटलं ते भावावर धावून जातील. ते सावकाश चालत गेले, यल्लाप्पांच्या समोर उभे राहिले आणि अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं,

"कुठल्या हातानं रे?"

यल्लाप्पा उठले. "अण्णा, न्हाई. आईची आन, अण्णा, मी न्हाई..."

"कुठल्या हातानं, तेवढं सांग."

यल्लाप्पांनी एकदा दरवाजाकडे बघितलं. फक्त बघितलं. पण हवालदारानं ते पळायचा विचार समजून त्यांची कॉलर धरली. शर्ट फाटल्याचा आवाज आला. परशराम तिथंच फरशीवर बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवून. ते रडले नाहीत. रुक्मव्वा पाणी घेऊन धावल्या.

"दार लावा," डॉक्टर म्हणाले. "अक्का, चकत्या घ्या. ही सावली आहे, सावलीवर मी काही म्हणणार नाही."

फौजदार म्हणाले, "डॉक्टर, एवढं स्पष्ट दिसतंय..."

"किल्ली खिशात असली तरी एक्स-रेत पोटातच दिसते, साहेब. अक्का, घ्या."

मी टेबल सुरुवातीच्या जागेवर आणलं आणि स्कॅन सुरू केला. टेबल थोडं आत गेलं, धक्का देऊन थांबलं आणि घंटी वाजायला लागली. पडद्यावर लाल अक्षरं. वजन फार, हालचाल थांबवली. स्काउटला एक संथ फेरी चालते, पण चकत्यांना टेबल एकसारख्या वेगानं सरकावं लागतं. ओझ्यामुळे ते जमेना.

मी बंद करून पुन्हा केलं. पुन्हा तेच.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते सांगते. मला वाटलं, थांबलं ते बरं झालं. चकत्या निघाल्याच नाहीत तर तो रॉड पक्का होणार नाही. मग बाहेरून यल्लाप्पांचा आवाज आला, दार लावलेलं असूनही, "मला मारा पण आधी नीट बघा की हो!" आणि मी उठले.

"खोक्याचं लाकूड काढू या," मी म्हटलं. "तळाची फळी राहू दे, बाजूच्या काढू. प्लास्टर आहेच."

देसाई मॅडमचा चेहरा पांढरा पडला. लाकूड काढताना प्लास्टर तडकलं तर सगळं संपलं असतं. पण त्यांनी मान हलवली. टेम्पोवाल्याकडे स्क्रू-ड्रायव्हर होता. तो एकेक स्क्रू काढत होता आणि मॅडम दोन्ही हातांनी प्लास्टर धरून उभ्या होत्या. एक फळी निघताना थोडी माती गळली. मी श्वास धरून उभी होते आणि मला कुणी "बिड्री" म्हणणारं नव्हतं. फळ्या बाहेर ठेवल्या, माती पुसून घेतली, काचेमागे आलो.

या वेळी टेबल सरकलं. हळू, पण एकसारखं.

चकत्या यायला लागल्या. सुरुवातीच्या नुसत्या मातीच्या. मग कंबर. मग मांडीचं हाड, चकतीत गोल कड्यासारखं. आणि पांढरा प्रकाश, चहूकडे किरणं फुटलेला, हाडाची एक बाजू झाकून टाकणारा. आत की बाहेर, काही कळेना.

"अजून खाली," डॉक्टर म्हणाले. "चमक कमी करा."

चित्राची चमक कमी-जास्त करणं हे आमचं रोजचं काम. चमक उतरवत गेले तशी किरणं विरत गेली. हाडाचं कडं वेगळं झालं. त्या कड्याच्या आतल्या पोकळीत, जिथं संतोषच्या फिल्मवर रॉड होता, तिथं करडी माती भरलेली होती. फक्त माती.

आणि पांढरी गोष्ट कड्याच्या बाहेर होती. हाडावर, माती मधे ठेवून, वेगळी. गोलही नव्हती. चपटी होती.

"हाडाच्या आत नाही," डॉक्टर म्हणाले. "बाहेर आहे. वर ठेवलेली आहे. अक्का, पुढं."

मी चकत्या पुढे नेत गेले. चपटी वस्तू गुडघ्याकडे जाता जाता रुंद झाली, मग निमुळती, मग टोक. मी सगळ्या चकत्या एकावर एक रचून ती वस्तू उभी करून दाखवली. पान असावं तसं पातं, मागे मूठ बसवायचा दांडा. गंजून फुगलेलं, कडा खाल्लेल्या.

देसाई मॅडमनी तोंडावर हात ठेवला. "लोखंडी पातं आहे. त्याच्याबरोबर ठेवलेलं. अशा दफनांत ठेवतात... ठेवायचे."

फौजदारांचं समाधान झालं नाही. त्यांचं बरोबरच होतं, त्यांना गावात जाऊन उभं राहायचं होतं. "रॉड काढून टाकलेला असेल तर?"

"तर स्क्रूची भोकं राहिली असती आणि मोडलेल्या जागी गाठ असती," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी संतोषची फिल्म पडद्याशेजारी धरली. "हे हाड कधी मोडलेलंच नाही. उजवंही नाही." मग आम्ही डोक्याकडचं खोकं घेतलं. दाढा झिजून सपाट झाल्या होत्या, दोन हयातीतच पडून हिरडीचं हाड भरून आलेलं. "हा म्हातारा माणूस आहे. किती जुना ते मॅडमच्या तपासणीत कळेल. पण तुमचा मुलगा हा नाही, एवढं मी लिहून देतो."

बाहेर सांगायला डॉक्टर गेले, मी त्यांच्या मागे उभी राहिले. हवालदारानं कॉलर सोडली. फौजदार म्हणाले, "चला, सुटलात," आणि ते कुणाला म्हणाले ते त्यांनाही कळलं नसावं.

परशराम फरशीवरून उठले नाहीत. "ह्यो संतोष न्हवं?"

"नाही."

"नक्की न्हवं?"

"नक्की नाही."

त्यांच्या तोंडावर मला सुटका दिसली नाही. सकाळपासून ते एका गोष्टीसाठी तयारी करून बसले होते आणि ती त्यांच्या हातातून काढून घेतली गेली होती.

यल्लाप्पा फाटक्या शर्टानं उभे होते. "आता विचार की," ते म्हणाले. "कुठल्या हातानं ते. विचार की आता."

परशरामांनी वर बघितलं. मग नजर पुन्हा फरशीकडे वळवली. यल्लाप्पा वळले आणि एकटेच स्टँडकडे निघून गेले.

सगळी आवराआवर चालू असताना परशराम काचेजवळ येऊन उभे राहिले. "मला दाखवता, कोण हाय तो?"

हे नियमात बसत नव्हतं, पण त्या पेशंटला नियम तरी कुठला लागू होता? मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं आणि चित्र फिरवून दाखवलं. मांडी, पातं, दुसऱ्या चित्रात डोकं, सपाट दाढा. ते बराच वेळ बघत राहिले.

"हे हत्यार त्याच्या घरच्यांनी ठेवलं?"

"हो. असं मॅडम म्हणतात."

"मांडीवर. नीट."

"हो."

"म्हणजे त्याच्या माणसांना ठाऊक होतं," ते म्हणाले, "कुठं ठेवलाय ते."

त्यांनी फिल्मची गुंडाळी पिशवीत घातली आणि ते गेले.

पुढे देसाई मॅडमच्या तपासणीत त्या म्हाताऱ्याचं वय हजारो वर्षांत निघालं. मॅडमनी आमच्या चित्रांसकट त्यावर लिहिलं, डॉक्टरांचं नाव त्यात आलं, तळटीपेत माझंही. माझी भाची ते अजून लोकांना दाखवते. गावातली आग विझली म्हणे. संतोषचा पत्ता लागला नाही.

मला मात्र त्या रविवारनं एक सवय लावली. अपघाताचा बेवारस पेशंट आला, नाव-गाव माहीत नसलेला, तर माझी नजर आधी डाव्या मांडीकडे जायची. डोक्याचा स्कॅन असला तरी मी पँटवरून हात फिरवून बघायची, जुना व्रण लागतो का ते. डॉक्टरांना माहीत होतं, ते काही म्हणत नसत. रिंग रोडवरचे, स्टेशनजवळचे, कितीतरी आले. काही नव्हतं.

निवृत्तीच्या आधीच्या पावसाळ्यात एक आला. लॉरीनं उडवलेला, दाढी-केस वाढलेले, शुद्ध नाही. पूर्ण अंगाचा स्कॅन होता. स्काउटमध्ये डाव्या मांडीत पांढरी रेघ. मी चकत्या घेतल्या. रेघ हाडाच्या आत होती. गोल. दोन्ही टोकांना स्क्रू.

मग फौजदारांच्या जुन्या ठाण्यात डॉक्टरांकरवी फोन लावला. ठाण्यातून गावात निरोप गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकट्या परशरामांची वाट बघत होते. आले दोघे भाऊ. यल्लाप्पांच्या हातात पाण्याची बाटली आणि थोरल्याची छत्री होती. मधल्या काळात दोघांत काय झालं, कधी झालं, मी विचारलं नाही.

शेजारच्या इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात मी त्यांना घेऊन गेले. परशराम पलंगाजवळ गेले. त्यांनी पेशंटच्या कपाळावरचे केस मागे सारले. कानामागे बघितलं. मग उजव्या हाताचा अंगठा उलटा करून बघितला. यल्लाप्पा पायाशी उभे होते, पलंगाची दांडी घट्ट धरून.

"न्हाई," परशराम म्हणाले. "आमचा न्हवं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फुकट हेलपाटा घातला म्हणून मी त्यांची माफी मागितली. परशराम माझ्याकडे बघत नव्हते, त्या पोराकडेच बघत होते.

"ह्याला बी कोणतरी हुडकत असणार," ते म्हणाले आणि शेजारचं स्टूल ओढून बसले.

यल्लाप्पा खाली जाऊन चहा घेऊन आले, तीन कप, एक मला. थोड्या वेळानं नर्स आली आणि तिनं विचारलं, पेशंटचे तुम्ही कोण?

"कोणी न्हाई," यल्लाप्पा म्हणाले. "त्याचं माणूस येईपर्यंत बसतो."